तीन महिन्यांची साखर कधी चुकते?

१ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. त्याच सुमारास आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे आकडेही आले. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एक आजार लाल रक्तपेशींचा, आईवडिलांकडून जन्मतः येणारा, दुसरा बहुतेकांना वयाबरोबर जडणारा. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण ज्या तपासणीला आपल्याकडे सगळे ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, तिच्यात हे दोन्ही आजार समोरासमोर येतात.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यांपासून माण-खटावच्या आरोग्य शिबिरांपर्यंत ही तपासणी आता सर्रास होते, आणि तिच्या आकड्यावर लोकांचा भरवसाही सर्वांत जास्त. बहुतेकांच्या बाबतीत तो भरवसा योग्यच आहे. ज्याच्या लाल पेशी नेहमीसारख्या नाहीत, त्याचा आकडा मात्र चुकीचा येतो, आणि चुकला तरी रिपोर्टवर तो इतरांसारखाच सरळ छापलेला असतो.

हा आकडा नेमका कशाचा?

तपासणीचे नाव एचबीएवनसी. रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते, ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवते. रक्तात फिरणारी साखर या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी म्हणजे एचबीएवनसी. मधुमेहींच्या रक्तात हा प्रकार वाढलेला असतो हे सॅम्युअल रहबर यांनी तेहरानमध्ये १९६८ साली दाखवून दिले.

म्हणजे ही तपासणी साखर मोजत नाही, साखरेने मागे ठेवलेली खूण मोजते. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ‘तीन महिने’. तेही समसमान नव्हे. आकड्याचा जवळपास निम्मा भाग शेवटच्या एका महिन्याचा असतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात हमालांचे सदरे बघा. सदऱ्याच्या पिवळेपणावरून माणूस किती हळदीत वावरला हे सांगता येते, पण सगळे सदरे सारखेच दिवस अंगावर होते हे माहीत असेल तरच. एकाने पंधरवड्याला सदरा बदलला आणि दुसऱ्याने सहा महिने तोच वापरला, तर पहिल्याने जास्त पोती उचलूनही त्याचाच सदरा फिका दिसेल. एचबीएवनसीचे असेच होते. लाल पेशी लवकर मरत असतील तर आकडा खोटाच कमी येतो. पेशी म्हाताऱ्या होईपर्यंत फिरत राहिल्या तर खोटाच जास्त येतो.

सिकलसेलमध्ये काय बिघडते?

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड नावाचे अमिनो ॲसिड असायला हवे, सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. हा हिमोग्लोबिनच्या रेणूतलाच दोष आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये मांडले. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली.

पुढच्या सगळ्या विषयासाठी दोन शब्द पक्के हवेत. आई किंवा वडील, एकाकडूनच सिकलसेलचे जनुक (‘एस’) आले तर माणूस ‘वाहक’ (एएस). त्याला सहसा काही त्रास नसतो आणि पेशीही जवळपास नेहमीइतक्याच जगतात. दोघांकडून आले तर तो ‘रुग्ण’ (एसएस). रुग्णाच्या लाल पेशी १० ते २० दिवसांतच मरतात. वरचा सदरा इथे आठवून बघा.

रुग्णाची अडचण एवढ्यावर संपत नाही. एचबीएवनसी म्हणजे ‘ए’ प्रकारच्या, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. एसएस रुग्णाच्या रक्तात ‘ए’ हिमोग्लोबिन तयारच होत नाही, मग त्याचा एचबीएवनसी येणार कुठून? तरीही काही पद्धतींची यंत्रे आकडा देतात, कारण त्या कोणत्याही प्रकारच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात. यंत्राच्या दृष्टीने आकडा बरोबर असतो, पण पेशी पंधरा दिवसांची असेल तर त्यातून तीन महिन्यांचे काही कळत नाही. रुग्णाला महिनाभरात रक्त चढवले असेल तर आणखी गोंधळ. मग रिपोर्टमध्ये उमटते ती मुख्यतः रक्तदात्याच्या पेशींवरची साखर.

म्हणून नियम सरळ आहे: सिकलसेलच्या रुग्णाचा मधुमेह एचबीएवनसीवरून ठरवायचा नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही अशा वेळी फक्त रक्तातली साखर मोजायला सांगतात.

वाहकांचे चित्र थोडे वेगळे आहे. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या साडेचार हजारांहून अधिक आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा अभ्यास आला. साखर सारखीच असताना वाहकांचा एचबीएवनसी सरासरी ०.३ने कमी दिसला. तेवढा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण मधुमेहाची रेषा ६.५वर आहे, त्यामुळे ज्याचा खरा आकडा ६.५ त्याचा रिपोर्ट ६.२ येतो आणि मधुमेहाचा माणूस उंबरठ्यावरच्यांत मोजला जातो. भारतातल्या सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी वेगळी आहे, त्यामुळे हे ०.३ आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. काठावरचा आकडा आला की साखर मोजून खात्री करावी, एवढा धडा मात्र इथेही लागू आहे.

“पण सिकलसेल तर विदर्भात. आमचा काय संबंध?”

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल जास्त आहे हे खरे. सातारा-सांगली त्या नकाशावर फिकी आहेत. पण माणसे नकाशाप्रमाणे राहत नाहीत. कुपवड आणि शिरवळच्या एमआयडीसीत, वीटभट्ट्यांवर, नोकरीच्या बदलीने, लग्नाने कोण कुठून आले आहे हे रक्त तपासणाऱ्याला माहीत नसते.

सिकलसेल क्षणभर बाजूला ठेवला तरी विषय संपत नाही, कारण आकडा बिघडवणारे दुसरे कारण आपल्या प्रत्येक गल्लीत आहे: लोहाची कमतरता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा. लोह कमी पडले की नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच जास्त काळ फिरत राहतात आणि एचबीएवनसी वर सरकतो. सिकलसेलच्या अगदी उलट.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवले. विशीतल्या तरुणांची ग्लुकोज पाजून रीतसर तपासणी केली तेव्हा उंबरठ्यावरचे सुमारे ८ टक्के निघाले. त्याच तरुणांना एचबीएवनसी लावल्यावर तो आकडा सुमारे २३ टक्क्यांवर गेला. या फरकामागे काही अंशी लोहाची कमतरता आणि रक्तक्षय होता. शिबिरात ‘प्री-डायबिटीस’ ऐकून भाकरी सोडणाऱ्या किती बायकांना खरे तर लोहाच्या गोळ्या हव्या असतील, हा प्रश्न यातून उभा राहतो.

समजा एका बाईचे हिमोग्लोबिन ८ आहे आणि एचबीएवनसी ६.२. सूत्राने ६.२ म्हणजे सरासरी साखर साधारण १३१. तिची उपाशीपोटी साखर ८८ आणि जेवणानंतर ११८ असेल, तर सरासरी १३१ कशी होईल? इथे आधी लोह तपासायला हवे. हे सूत्र घरीही करता येते: एचबीएवनसीला २८.७ने गुणा आणि ४६.७ वजा करा. ७ टक्क्यांना १५४ येतात. ग्लुकोमीटरच्या नोंदी यापासून फार लांब असतील तर दोनांपैकी एक चुकते आहे.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर आणखी एक फसगत होते. ताज्या पेशींचा लोंढा येतो, त्यांना साखर चिकटायला अजून वेळ मिळालेला नसतो आणि एचबीएवनसी आपोआप खाली येतो. पथ्य पाळले म्हणून आकडा उतरला असे वाटते, साखर असते तिथेच. गोळ्या सुरू झाल्यापासून किंवा रक्त चढवल्यापासून निदान तीन महिने या आकड्यावर निर्णय घेऊ नये. गरोदरपणाचे शेवटचे सहा महिने, डायलिसिस, नुकताच मोठा रक्तस्राव, जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता, यांतही हा आकडा बाजूलाच ठेवायचा. बी-१२ कमी असेल तरीही आकडा वर जाऊ शकतो, आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होण्याची शक्यता असते, हेही जाता जाता.

रिपोर्टचे दुसरे पान

बहुतेक लोक पहिल्या पानावरचा ठळक आकडा बघतात आणि रिपोर्ट पिशवीत टाकतात. तपासणी एचपीएलसी पद्धतीने झाली असेल तर सोबत एक आलेख असतो, डोंगरांच्या रांगेसारख्या उंचसखल रेषांचा. हे यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून एकेकाचे प्रमाण काढते. सर्वांत उंच शिखर ‘ए-झिरो’चे, त्याआधी छोटे ‘एवनसी’चे. त्यापुढे ‘एस-विंडो’ किंवा ‘व्हेरिएंट’ असे लिहिलेले आणखी एक मोठे शिखर असेल आणि ते एकूण हिमोग्लोबिनच्या ३० ते ४० टक्के भरत असेल, तर हा माणूस सिकलसेलचा वाहक असण्याची दाट शक्यता. ‘ए-झिरो’ जवळपास नाहीच आणि ‘एस’ मोठे, तर रुग्ण.

शुगरची तपासणी करायला गेलेल्या माणसाला पन्नाशीत कळते की तो वाहक आहे, ते असेच. त्याने स्वतः घाबरायचे कारण नाही. त्याच्या मुलांनी मात्र लग्नाआधी तपासणी करावी, कारण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

लॅबवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, आणि आलेखात वेगळे हिमोग्लोबिन दिसले का. काही लॅब आलेख देत नाहीत, मागितल्यावर देतात. तपासणी रासायनिक किंवा अँटिबॉडीच्या पद्धतीने झाली असेल तर आलेख नसतोच, त्यामुळे वेगळे हिमोग्लोबिन कळणारही नाही.

सिकलसेल मोहिमेतली पहिली चाचणी यापेक्षा साधी असते. नळीतल्या द्रावात रक्ताचा थेंब टाकून मागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसतात का ते बघायचे. द्रव गढूळ झाला आणि रेषा झाकल्या तर ‘एस’ आहे. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. रक्तक्षय जास्त असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल तर ती चुकून नकारार्थी येऊ शकते. म्हणून तिच्यानंतर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) लागतेच.

“मग बोटातला थेंब बरा, नाहीतर दंडावरचा सेन्सर”

बरे, पण त्यांच्याही खोड्या आहेत. ग्लुकोमीटरची पट्टी रक्तात पेशींचे प्रमाण ठरावीक आहे असे धरून चालते. पेशी खूपच कमी असतील तर बरीच यंत्रे साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. पट्टीच्या डबीतल्या कागदावर हिमॅटोक्रिटची, म्हणजे पेशींच्या याच प्रमाणाची मर्यादा छापलेली असते. आपले हिमॅटोक्रिट सीबीसीच्या रिपोर्टमध्ये सापडते, ते त्या मर्यादेत बसते का बघावे.

दंडावर लावायचा सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर दहा-चौदा दिवस सतत मोजतो. पेशीच्या वयाशी त्याला देणेघेणे नाही, म्हणून सिकलसेल असलेल्या मधुमेहीला तो सोयीचा वाटतो. पण सिकलसेलच्या बऱ्याच रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया चालू असते. बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवून हे औषध पेशींना वाकडे होण्यापासून वाचवते, आणि तेच काही कंपन्यांच्या सेन्सरला साखरेसारखे भासते. सेन्सर मग खोटी वाढलेली साखर दाखवतो, आणि त्यावर विसंबून इन्सुलिन घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सेन्सर घेण्यापूर्वी सोबतच्या पत्रकात हायड्रॉक्सियुरियाचा उल्लेख आहे का ते वाचावे आणि डॉक्टरांना विचारावे.

फ्रुक्टोसामीन नावाची आणखी एक तपासणी आहे. ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. मूत्रपिंडातून प्रथिने जात असतील किंवा यकृत बिघडले असेल तर तीही विश्वासाची राहत नाही.

मग खात्रीची तपासणी कोणती?

शिरेतून काढलेल्या रक्तातली साखर. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, तर मधुमेह. लक्षणे ठळक नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

ही तपासणी सोपी आहे, आणि तिची हेळसांडही तितकीच होते. जत, आटपाडीसारख्या ठिकाणी रक्त सकाळी काढले जाते आणि नमुना दूरच्या लॅबला जातो. नळीत लाल पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के. १३० असलेली साखर तीन तासांत ११०च्या आसपास उतरते आणि मधुमेही माणूस रिपोर्टपुरता बरा होतो. म्हणून साखरेचे रक्त राखाडी टोपणाच्या, फ्लोराइड घातलेल्या नळीतच घ्यायचे, आणि फ्लोराइडलाही पूर्ण परिणामाला तास-दोन तास लागतात, तेव्हा पेशींपासून रक्तातला द्रव जितका लवकर वेगळा कराल तितके चांगले. एचबीएवनसीची जांभळ्या टोपणाची नळी मात्र थंड ठेवली तर काही दिवस टिकते. लांबच्या कलेक्शन सेंटरला हीच तपासणी का आवडते ते यावरून कळेल.

ग्लुकोजची तपासणी करायची तर आधीचे तीन दिवस नेहमीसारखे जेवावे, भात-भाकरी कमी करू नये. रात्रीपासून निदान आठ तास काही खायचे नाही, साधे पाणी चालते. सिकलसेलच्या रुग्णाने तर पाणी प्यायलाच हवे, कोरडे पडल्यास वेदनेचा झटका येऊ शकतो. सकाळी पहिले रक्त. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचे. पुडी मोनोहायड्रेट ग्लुकोजची असेल तर ८२.५ ग्रॅम लागतात, आणि डब्यातून चमच्याने अंदाजे घेतलेल्या पावडरीने ही तपासणी होत नाही. घड्याळ पहिल्या घोटापासून लावायचे. दोन तास बसून राहायचे, बाहेर चक्कर नाही, चहा नाही, तंबाखू-बिडी नाही. उलटी झाली तर तपासणी रद्द समजून दुसऱ्या दिवशी करायची.

“सिकलसेलच्या रुग्णाला मधुमेह होतो तरी का?”

पूर्वी फारसा दिसत नसे. रुग्ण अंगाने बारीक असत आणि अनेकजण मधुमेहाच्या वयापर्यंत पोचतच नसत. आता उपचारांमुळे आयुष्य वाढले आहे आणि त्याबरोबर हा प्रश्नही आला. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह साठते आणि ते स्वादुपिंडालाही इजा करू शकते.

लक्षणांवरून ओळखणे इथे अवघड. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लवकर जाते, त्यामुळे रुग्णाला मुळातच लघवी जास्त होते आणि तहान जास्त लागते. मधुमेहाचीही हीच लक्षणे. आणि साखर खरोखर वाढली तर लघवीवाटे पाणी आणखी जाते, शरीर कोरडे पडते, पेशी वाकड्या होतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सिकलसेलचे सांगायलाच हवे, ते याच कारणाने.

मेटफॉर्मिनचे उलट कुतूहल आहे. मधुमेहाची ही जुनी, स्वस्त गोळी बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढवू शकेल असे प्रयोगशाळेत दिसले आणि त्यावरून सिकलसेलमध्ये तिच्या छोट्या चाचण्या झाल्या. उपचार म्हणून ती अजून हायड्रॉक्सियुरियाच्या जागी बसलेली नाही, तेव्हा बातमी वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बदलू नये.

डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड, दोन्ही आजार याच दोन ठिकाणी घाव घालतात. दोन्ही असतील त्याने वर्षातून एकदा पडद्याची तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण करून घ्यावे, साखर कितीही आटोक्यात दिसली तरी. आणि लॅबच्या चिठ्ठीवर ‘सिकलसेल एएस’ किंवा ‘एसएस’, चालू औषधे आणि शेवटचे रक्त कधी चढवले ती तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. एरवी लॅबला यातले काहीच कळत नाही आणि आकडा नेहमीसारखाच छापून येतो.